कोट्याचा आकडा कळला, मुदत कोण सांगणार?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

परदेशातल्या नोकऱ्यांची बातमी आपल्या दैनिकात आली की मी ती कापून ठेवते. माझी धाकटी मुलगी नर्स आहे आणि जून २०२३ पासून तिचं जर्मनीला जायचं चाललंय. ऑक्टोबर २०२४ चं एक कात्रण अजून माझ्या कपाटात आहे. भारतातल्या कुशल मनुष्यबळाला जर्मनी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देणार, असं पंतप्रधानांनी दिल्लीत सांगितलं, त्या वेळचं. मुलगी नाइट करून येऊन झोपली होती. मी तिला उठवून बातमी वाचून दाखवली. आकडा साडेचार पट झाला, म्हणजे आपला नंबर आता लवकर लागणार, असा आमचा सरळ हिशोब. तो साफ चुकला. का चुकला ते लिहिते आहे, कारण हाच हिशोब आज पुष्कळ घरांत मांडला जात असणार.

मी स्वतः महापालिकेच्या रुग्णालयात ३३ वर्षं नोकरी केली, शेवटची ९ वर्षं सिस्टर इन्चार्ज म्हणून. ओपीडीला ड्यूटी असली की दिवसभर एकच प्रश्न कानावर यायचा, ‘सिस्टर, किती वेळ लागेल?’ नवीन होते तेव्हा मी म्हणायची, ‘बसा, नाव पुकारतील.’ त्यावरून रोज भांडणं व्हायची. एका जुन्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अगं, खरा वेळ सांग त्यांना, दोन तास तर दोन तास. मग मी सांगायला लागले. लोक कुरकुरायचे, नाही असं नाही. पण कुणी जाऊन चहा पिऊन यायचं, कुणी मुलाला शाळेतून घेऊन यायचं, कुणी शेजारच्याला नंबर धरायला सांगून औषधाच्या खिडकीवर उभं राहायचं. आज माझ्या घरात तोच प्रश्न आहे आणि उत्तर द्यायला समोर कुणी नाही.

मुलीचं झालं ते असं. दादरला शनिवार-रविवारचा जर्मनचा क्लास लावला. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, एकेक पायरी, आणि सोबत मुलुंडच्या हॉस्पिटलातली फिरती ड्यूटी. करी रोडहून मुलुंडपर्यंत लोकलमध्ये ती कानाला लावून जर्मन ऐकायची आणि ओठ हलवत बोलायची. समोरच्या बायकांना वाटायचं पोरगी स्तोत्र म्हणतेय. बी-टूला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. लिहिण्यात ती एकदा राहिली, पुन्हा बसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चारही भाग सुटले. मार्चमध्ये श्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या हॉस्पिटलने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि आठवड्यात होकार कळवला. आमच्या चाळीत साखर वाटली.

पुढचं आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडची नर्स तिकडे विमानातून उतरली की नर्स होत नाही. तिच्या शिक्षणाची तिकडच्या राज्याचं खातं छाननी करतं. आपल्या अभ्यासक्रमात काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मुली त्या पत्राला डेफिझिट-बेशाइड म्हणतात. ते आलं की तिकडे जाऊन काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची, आणि तोवर सहायक म्हणून काम करायचं. जुलै २०२५ च्या दरानुसार तिकडे काळजी-सेवेत सहायकाला तासाला किमान १६.१० युरो आणि पुऱ्या नर्सला २०.५० युरो द्यावे लागत होते. म्हणजे हे पत्र जितकं उशिरा येईल तितकं सगळंच पुढे सरकतं. मला यात अन्याय वाटत नाही. माझ्या वॉर्डात बाहेरून आलेल्या मुलीला मीही आधी तपासूनच इंजेक्शनची ट्रे हातात दिली असती.

त्या छाननीसाठी एक कागद लागतो, त्याच्यापाशी आम्ही अडकलो. चार वर्षांत कुठल्या विषयाचे वर्गात किती तास झाले आणि वॉर्डात किती, याचा तक्ता, कॉलेजच्या सही-शिक्क्याचा. मेडिसिन-सर्जरीचे इतके, बालरुग्णांचे इतके, प्रसूतीचे इतके, मानसिक आरोग्याचे इतके. मुलीचं कॉलेज इथून सात तासांवर, एका जिल्ह्याच्या गावात. नाव लिहीत नाही. एकट्या त्या कॉलेजचा हा दोष नाही, तिच्या बरोबरीच्या इतर मुलींचेही अनुभव मी ऐकले आहेत.

एप्रिलमध्ये आम्ही दोघी एसटीने गेलो. ऑफिसातले भाऊसाहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, ‘ताई, आठवडाभरात देतो, तुम्ही परत येऊ नका, कुरियर करतो.’ आम्ही त्या शब्दावर बाकीची तयारी केली. पोलिसांचा दाखला काढला, मेडिकल केलं. महिन्याने कुरियर आलं. आत एका ओळीचं पत्र होतं की कुमारी अमुक हिने आमच्याकडे शिक्षण पूर्ण केलं आहे. तासांचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाले, असा फॉरमॅट आमच्याकडे नाही. मुलीने रात्री बसून तक्त्याचा नमुना स्वतः तयार करून पाठवला. जूनमध्ये तक्ता आला, पण वर्षवार बेरीज आणि शेवटची एकूण बेरीज जुळत नव्हती, १२० तासांचा फरक. पुन्हा पाठवला. जुलैत प्राचार्य बदलले आणि नव्या मॅडमनी जुन्या बॅचच्या कागदावर सही करायला आधी नकार दिला. ऑगस्टमध्ये आलेल्या प्रतीवर शिक्का इतका पुसट होता की स्कॅन केल्यावर नुसता जांभळा डाग दिसायचा. २२ सप्टेंबरला मी एकटी गेले, ऑफिसबाहेरच्या बाकावर दुपारचे चार वाजेपर्यंत बसले, स्वतः नेलेल्या नव्या स्टॅम्प पॅडवर शिक्का दाबून घेतला आणि कागद हातात घेऊनच गावातून निघाले. एका कागदाला साडेपाच महिने.

मधल्या काळात आधी केलेलं सगळं शिळं झालं. मेडिकल आणि पोलिसांचा दाखला तिथे तीन महिन्यांहून जुना चालत नाही. दोन्ही पुन्हा केले. त्यात नावाचा घोळ निघाला. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि एका मार्कशीटवर आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. आपल्याला बघताक्षणी कळतं की मुलगी एकच आहे. परक्या देशातल्या माणसाला ते कळायचं कारण नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, त्याचं भाषांतर, पुन्हा पानागणिक पैसे.

तिची एक चेनवाली प्लॅस्टिकची फाईल आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने कागद चिकटवला आहे, तीन रकान्यांचा. कागद कुठला, काढला कधी, संपतो कधी. तिसऱ्या रकान्यातल्या तारखा पेन्सिलने लिहिल्या आहेत, कारण त्या खोडून पुन्हा लिहाव्या लागतात. मेडिकलच्या ओळीत कागद इतक्यांदा खोडलाय की तिथे भोक पडलंय.

आता तिकडचं सांगते. जर्मनीच्या कायद्यात मालकाने अर्ज करायचा एक जलद मार्ग आहे. त्याची फी ४११ युरो, तिकडच्या हॉस्पिटलने भरली. त्यात मुदती लिहिलेल्या आहेत. कागद पूर्ण झाल्यापासून शिक्षणाची छाननी दोन महिन्यांत. पुढे व्हिसासाठी अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत आणि अर्ज पूर्ण असेल तर निर्णय त्यापुढच्या तीन आठवड्यांत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमची फाईल पूर्ण झाली आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. दोन महिने आणि चार दिवस. माझं म्हणणं या दोन आकड्यांवर उभं आहे, तिकडची संपूर्ण छाननी दोन महिन्यांत आणि आमच्याकडचा एक तक्ता साडेपाच महिन्यांत. त्यांच्या कायद्यातलं घड्याळ ‘कागद पूर्ण झाल्यापासून’ चालू होतं. त्याच्या आधीचा काळ कुठल्याच कायद्यात मोजला जात नाही आणि तो सगळा इथे, महाराष्ट्रात जातो.

पुढच्या टप्प्याची तारीख अजून यायची आहे. तोवर मुलुंडच्या हॉस्पिटलने तिला आयसीयूच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं होतं, त्याला तिने नकार दिला, कारण त्यासाठी वर्षभराचं लिहून द्यावं लागतं. एका चांगल्या स्थळाकडून विचारणा झाली, त्यांनी रास्त प्रश्न विचारला, मुलगी जाणार कधी? आम्हाला सांगता आलं नाही. बोलायला कुणी नसल्यामुळे तिची जर्मन बोथट होत चालली आहे हे तीच म्हणते. हे मला सर्वांत जास्त लागतं, कारण ती भाषा तिने रात्रपाळ्या करून कमावली आहे.

अशा वेळी एजंट येतात. मेमध्ये तक्ता अडकलेला असताना ठाण्याच्या बाजूच्या एकाचा फोन आला. नंबर कुठून मिळाला देव जाणे. म्हणाला, ‘मावशी, जर्मनीचा कोटा संपत आलाय, या आठवड्यात साडेचार लाख भरलेत तर पुढच्या लॉटमध्ये बसवतो.’ मी जवळजवळ दागिने मोडायला निघाले होते. क्लासच्या मॅडमनी थांबवलं. त्यांनी समजावलं की ९० हजार हा जर्मनीने द्यायची तयारी दाखवलेल्या व्हिसांचा आकडा आहे. नर्सच्या जागा मोजून ठेवल्यात आणि भरल्या की दार बंद, असा नियम तिथे नाही. परदेशी नोकरीसाठी नोंदणी असलेल्या एजंटलासुद्धा उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही आणि त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. हे आईबापांना कुणी सांगत नाही. त्यांना ९० हजारांचा मथळा तेवढा माहीत असतो आणि तोच मथळा दाखवून एजंट घाबरवतात.

इतर देशांचंही थोडं सांगते. आमच्या समोरच्या खोलीतला मुलगा अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी दोनदा बसला. वर्षाला ६५ हजार आणि तिथेच मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, आणि तेव्हा अर्ज जास्त आले की म्हाडासारखी सोडत व्हायची. त्याचं दोन्ही वेळा हुकलं, पण हुकलं हे त्याला वेळेत कळलं आणि तो पुण्याला नोकरीला लागला. माझ्या बॅचमेटची मुलगी २०१९ पासून अमेरिकेत नर्स म्हणून जायच्या रांगेत आहे. तिथे नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं जगभरासाठी वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. देश १४० कोटींचा असो की चार लाखांचा, मर्यादा तीच. २०२५ च्या अखेरीस तिच्या गटात भारतातल्या २०१३ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. ही पद्धत मला कठोर वाटते आणि भारतीयांवर अन्याय करणारी वाटते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. रांग कुठवर आली हे त्यांचं खातं दर महिन्याला प्रसिद्ध करतं. त्या मुलीने ते वाचलं, आपल्याला अजून किती वर्षं लागतील याचा अंदाज बांधला, इथेच लग्न केलं, तिला आता दोन वर्षांचा मुलगा आहे.

उशीर झाला की नियम बदलतात, हेही विसरता येत नाही. मुलीच्या हॉस्पिटलातल्या एका मावशींची सून ब्रिटनला केअर वर्कर म्हणून जाणार होती. कागद जमवता जमवता वर्ष गेलं आणि २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने केअर वर्कर परदेशातून घेणं बंद केलं. तिचे क्लासचे आणि परीक्षेचे पैसे गेले ते गेलेच.

परदेशांनी किती माणसं घ्यायची हे आपण ठरवू शकत नाही. पण आपल्या राज्याने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. नर्स, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण. माझ्या मुलीची नोकरी त्या योजनेतली नाही, पण तिकडचं राज्य तेच आहे, श्टुटगार्ट तिथलंच, आणि कागदही तेच. करारावर सही केली म्हणजे सरकारने मुलांना शब्द दिला. मग आपल्या हद्दीतल्या कागदांची जबाबदारी सरकारने घेतली पाहिजे.

तासांचा तक्ता प्रत्येक मुलीने कॉलेजात खेपा घालून का मिळवावा? बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला, तास त्यात छापलेले, आणि राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. कुठल्या वर्षीच्या बॅचला कुठला अभ्यासक्रम होता हे तिथे ठाऊक आहे. तक्ता विद्यापीठाच्या पातळीवर एका नमुन्यात, इंग्रजीत आणि जर्मन भाषेत, तयार ठेवता येईल. कॉलेजने फक्त त्या मुलीची हजेरी प्रमाणित करायची. जे काम माझ्या मुलीने रात्री जागून केलं ते एकदाच करून हजारो मुलींना पुरेल.

दुसरं, महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात नमूद केलेली सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर दोन अपिलं करता येतात, नंतर आयोगाकडे जाता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अभ्यासक्रमाचा तक्ता, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा उतारा, नर्स म्हणून नोंदणीची पडताळणी, नावाच्या क्रमाचा खुलासा, हे चारही कागद मुदतीसह त्या यादीत असले पाहिजेत. यातलं एखादं आधीच असेल तर ते कॉलेजच्या दारावर मराठीत लावा. खासगी कॉलेज कायद्याच्या कक्षेत बसत नसेल तर संलग्नता देताना ही अट घाला.

केरळकडे पाहून मला वाईट वाटतं. तिथल्या नॉर्का रूट्स या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारी रोजगार खात्याशी करार केला. निवड झालेल्या मुलींना बी-वनपर्यंतची भाषा फुकट शिकवतात आणि भरतीचे पैसे उमेदवाराकडून घेत नाहीत. माझ्या नोकरीत निम्म्या सिस्टर मल्याळी होत्या. त्यांच्या पोरींना कुठला कागद कुठे मिळतो हे गावातल्या शाळेपासून माहीत असतं. आमच्या मुली हुशारीत किंवा कष्टात तसूभर कमी नाहीत. त्यांना रस्ता सांगणारं खातं नाही, इतकंच.

तोपर्यंत एक काम मी करू शकते. मुलीने तयार केलेला आणि तिकडच्या खात्याने मान्य केलेला तासांच्या तक्त्याचा नमुना माझ्याकडे आहे, बेरजा जुळवून, शिक्क्याची जागा आखून. ज्या नर्स मुलीला तो हवा असेल तिने आपल्या कार्यालयाकडे पत्र पाठवावं आणि आपण ते माझ्याकडे धाडावं, ही विनंती. झेरॉक्स आणि टपालाचा खर्च मी करीन. सोबत नवं स्टॅम्प पॅड घेऊन जायला सांगा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर इन्चार्ज
काळाचौकी, मुंबई

(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, मुलीच्या अर्जाचं काम चालू असल्याने छापू नये.)